भावनेची पोच

“याला आता ठाण्याला पाठवावे लागणार” हे वाक्य मुंबईपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या मराठी घरांतून ज्याच्या कानांवर कधी पडले नाही, असा माणूस मागच्या पिढीत तरी सापडणे कठीण. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय स्थापन झाले, आणि तलावांचे, किल्ल्याचे, १८५३ साली हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी जेथे येऊन थांबली त्या स्टेशनाचे हे गाव लोकांच्या बोलण्यात एका उंच भिंतीआडच्या इमारतीचे दुसरे नाव होऊन बसले. शब्दाची ही कहाणी प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, तिने आपल्या समजुतीत दोनच खण शिल्लक ठेवले: ज्याला ठाण्याला पाठवावे लागते तो वेडा, आणि ज्याला पाठवावे लागत नाही तो शहाणा, मग तो शहाणा जर रात्री दोन वाजता भिंतीवर डोके आपटू लागला, तर ती त्याची नाटके. या दोन खणांपैकी कोणत्याही एकात न मावणारा एक आजार आहे. त्याला इंग्रजी नावावरून बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आणि मराठीत सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार असे म्हणतात, आणि तो ज्या घरातील मुलाला होतो, त्या घराची वर्षेच्या वर्षे “हे वेड नाही ना?” आणि “मग ही नाटकेच ना?” या दोन प्रश्नांमध्ये हेलपाटे घालण्यात खर्ची पडतात.

घर डोंबिवलीचे असेल, कल्याणचे असेल किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटीकडचे. आई-बाप दोघेही नोकरीचे, पहाटे पाचला उठून डबे भरणारे, आठच्या सुमारास लोकलच्या गर्दीत स्वतःला लोटून देणारे आणि रात्री आठ-साडेआठला परतणारे. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, हुशार, दुसऱ्याच्या मनातले चटकन ओळखणारी. सकाळी जी आईच्या गळ्यात पडून “तुझ्यासारखी आई कुणाचीच नाही” म्हणाली, तीच संध्याकाळी, आईने फोन उचलायला उशीर केला एवढ्या कारणावरून, “तू माझी आई नाहीसच” म्हणून दार आपटते. मैत्रीण आठवडाभर प्राणाहून प्रिय असते आणि एका न आलेल्या उत्तराने वैरीण ठरते. जून महिन्यात चित्रकार व्हायचे असते, ऑगस्टात विज्ञानशाखा, आणि दिवाळीपर्यंत कशातच अर्थ उरलेला नसतो. राग येतो तो घर हादरवून जातो. मागाहून येणारी शरम त्याहून भयंकर असते. आणि मग एखाद्या दिवशी, भर मे महिन्यात मुलगी पूर्ण बाह्यांचे कपडे का घालते, हा प्रश्न आईच्या मनात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पाहून तिचे हातपाय गळतात.

या सर्वांच्या तळाशी असते ती दोन दुःखे: आपल्याला सोडून दिले जाईल ही अखंड धास्ती, आणि आत काहीच नाही अशी पोकळीची जाणीव. स्वतःला इजा करणे हे बहुतेक वेळा मरण्यासाठी नसते. असह्य झालेली भावना क्षणभर तरी थांबावी म्हणून मुलाच्या हाती लागलेला तो एक घातक उपाय असतो. तरीही या आजारात आत्महत्येचा धोका खरा असतो, आणि म्हणूनच “लक्ष वेधून घेण्यासाठी करते” असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. लक्षाची भूक लागलेल्या मुलाला लक्ष देण्यात कमीपणा तो कोणता?

नावातील ‘सीमा’ कोणती, हेही सांगितले पाहिजे. १९३८ साली ॲडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकाने अशा रुग्णांच्या एका समूहाचे वर्णन केले, की ज्यांना साध्या मनोविकृतीच्या खणात घालता येत नव्हते आणि भ्रमिष्टपणाच्याही खणात घालता येत नव्हते. ते त्या दोहोंच्या सीमेवरचे होते. म्हणजे डॉक्टरांचीसुद्धा आपल्यासारखीच अडचण झाली होती. पुढे १९८० साली अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात या आजाराला स्वतंत्र स्थान मिळाले. आज त्या वर्गीकरणात नऊ लक्षणे दिलेली असून त्यांपैकी किमान पाच असली तर निदान होते. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती कमीत कमी वर्षभर टिकलेली असावीत, अशी अट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणाने तर वयाची खालची मर्यादा घातलेलीच नाही. “वय लहान आहे, अजून काही म्हणता येत नाही” असे सांगून मुलाला परत पाठवण्याची पद्धत पूर्वी सर्वत्र होती. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे अँड्र्यू चॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोवळ्या वयातच उपचार सुरू करण्याचा जो पुरस्कार केला, त्यानंतर जाणकार मंडळी थांबण्याचा सल्ला देत नाहीत. निदान हा मुलाच्या कपाळावर मारलेला शिक्का नव्हे. कोणता इलाज करावयाचा, याचा तो दाखला आहे.

निदानात एक घोटाळा नेहमी होतो. मनःस्थितीचे हेलकावे पाहून पुष्कळदा द्विध्रुवीय विकार, म्हणजे बायपोलर, असा अंदाज बांधला जातो आणि औषधांची यादी वाढत जाते. त्या विकारात उन्मादाचा वा खिन्नतेचा काळ दिवसच्या दिवस, आठवडेच्या आठवडे चालतो. येथे मात्र मनाचा रंग काही तासांत पालटतो आणि पालटण्यामागे बहुधा कोणाच्या तरी वागण्याचे, बोलण्याचे, न बोलण्याचे निमित्त असते. दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असू शकतात, हेही खरे. म्हणून आईने किंवा वडिलांनी एक साधी वही घालावी आणि महिनाभर, काय घडले, त्यानंतर काय झाले, किती वेळ टिकले, झोप किती, एवढेच निष्पक्षपणे लिहून ठेवावे. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना जे सांगता येत नाही, ते ही वही सांगते.

हे होते कशामुळे? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, या प्रवृत्तीतील सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो. काही मुले जन्मतःच भावनेच्या बाबतीत पातळ कातडीची असतात: त्यांना लवकर लागते, फार लागते आणि लागलेले लवकर शमत नाही. अशा मुलाच्या भोवती त्याच्या भावनेला सतत खोटी ठरवणारे वातावरण मिळाले, तर दोहोंच्या परस्पर घर्षणातून हा आजार वाढतो, असे मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मांडले. काही मुलांच्या बाबतीत लैंगिक अत्याचार, मारहाण, शाळेतील छळ यांचाही इतिहास असतो. सर्वांच्या बाबतीत नसतो. परंतु मुलाने असे काही सांगितले, तर ते सांगणे अतिशयोक्ती समजून बाजूला सारू नये. नातेवाइकाचे नाव निघाले तरी नये. मात्र या साऱ्या मीमांसेतून “आईनेच बिघडवले” हा निकाल कोणी काढील, तर तो अन्याय होईल. ज्या वागण्याने थोरला मुलगा सुखात वाढला, त्याच वागण्याने धाकटी होरपळते, यात आईचा गुन्हा नाही. धाकटीला निराळे काही लागते, इतकेच.

ते निराळे काही म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मला आपल्या कचेऱ्यांतला एक जुना शब्द फार उपयोगी वाटतो. आपण तहसील कचेरीत अर्ज घेऊन जातो, खिडकीवरचा कारकून त्याच्या स्थळप्रतीवर शिक्का मारून तारीख घालून देतो. तिला आपण पोच म्हणतो. पोच मिळाली म्हणजे अर्ज मंजूर झाला असे नाही. अर्जातील मजकूर खरा असल्याचेही ती सांगत नाही. आपला अर्ज आला, तो वाचण्याजोगा आहे आणि दप्तरी दाखल झाला, इतकेच ती सांगते. पण ती मिळाली नाही तर माणूस खिडकीपासून हलत नाही, आवाज चढवतो, साहेबांपर्यंत जातो. मुलाच्या भावनेचेही तंतोतंत असेच आहे. त्या भावनेची पोच मिळाली नाही की तो तीच भावना अधिक मोठ्या आवाजात, अधिक भयंकर रूपात पुन्हा दाखल करतो. आणि आपण पोच देण्यास कचरतो, कारण पोच म्हणजेच मंजुरी असा आपला समज असतो.

“आई, तिने मला उत्तरच दिले नाही. सगळे मला सोडूनच जाणार.” यावर प्रेमळ घरांतून येणारी उत्तरे आपल्याला पाठ आहेत: “अगं, एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं?”, “ती कामात असेल”, “आमच्या वेळी नव्हती ही थेरं”, “अभ्यासाकडे लक्ष दे, आपोआप बरं वाटेल.” यांतील एकही उत्तर दुष्टपणाचे नाही, दुसरे तर बहुधा खरेही असेल, परंतु मुलीला यांतून ऐकू येते ते एवढेच की, तुला जे होते आहे ते होतच नाही. त्याऐवजी आई तिच्याजवळ बसून म्हणाली, “ती गप्प राहिली तेव्हा पोटात खड्डाच पडला असेल ना गं तुझ्या,” तर मैत्रीण सोडून जाणार या अनुमानाला तिने दुजोरा दिलेला नसतो. खड्डा पडला, या वस्तुस्थितीची पोच दिलेली असते. ती देऊन थोडे थांबावे. शहाणपणाचे बोल त्यानंतर अर्ध्या तासाने बोलावेत, आणि कित्येक वेळा तोवर ते बोलण्याची गरज उरलेली नसते.

आता दुसरी बाजू, जी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. “आज तू कामावर गेलीस तर मी काहीतरी करून घेईन” असे मुलीने म्हटले, तर पोच द्यायची आणि मर्यादाही राखायची. प्रथम ते म्हणणे गांभीर्याने घ्यावे. खरोखरच धोका आहे का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते, ही भीती निराधार आहे. धोका असेल तर कामावर जाऊ नये, आणि तिला एकटी सोडू नये. धोका नसून केवळ दुराव्याची धास्ती असेल, तर “मी निघाले की तुला फार एकटं वाटतं, ते मला कळतं. मी आठ-बाराची लोकल पकडणार आहे, दादरला उतरले की तुला फोन करीन,” असे म्हणून निघावे आणि दादरला उतरल्याबरोबर फोन करावा, विसरू नये. पुष्कळ घरांत होते ते असे की, साध्या शब्दांत मागितलेल्या गोष्टीला तीनदा नकार मिळतो आणि चौथ्या वेळी कपबशा फुटल्या की होकार मिळतो. यातून मूल कावेबाजपणाने नव्हे, तर निव्वळ अनुभवाने शिकते की, साधी भाषा येथे चालत नाही. म्हणून जे द्यायचे ते साध्या भाषेत मागितल्यावर लगेच द्यावे. जे द्यायचे नाही ते वादळानंतरही देऊ नये. आणि या बाबतीत आई, वडील, आजी या तिघांचा हुकूम एकच असावा.

लिनेहानबाईंची उपचारपद्धती नेमकी याच दोन बाजूंच्या मेळातून उत्पन्न झाली. केवळ वर्तन बदलण्यावर भर दिला तेव्हा रुग्ण दुखावून निघून जात. केवळ सहानुभूतीने ऐकून घेतले तेव्हा काहीच बदलत नसे. म्हणून त्यांनी स्वीकार आणि बदल या परस्परविरुद्ध भासणाऱ्या गोष्टी एकत्र बांधल्या, आणि त्या द्वंद्वावरून पद्धतीचे नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, संक्षेपाने डीबीटी, असे पडले. तिच्या परिणामकारकतेची पहिली पद्धतशीर चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. या पद्धतीत चार कौशल्ये शिकवतात: वर्तमान क्षणावर सजगपणे लक्ष ठेवणे, असह्य घटका काही न बिघडवता निभावून नेणे, भावनेचे नियमन करणे आणि नाते न तोडता आपले म्हणणे मांडणे. किशोरवयीनांसाठी तिचा जो अवतार झाला, त्यात आई-वडिलांनीही मुलांच्या बरोबरीने वर्गात बसावयाचे असते, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ओस्लो येथे ७७ मुलांचे दोन गट पाडून एका गटावर एकोणीस आठवड्यांचा असा उपचार करून पाहण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःला इजा करण्याचे प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक घटल्याचे दिसून आले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी डॉ. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे, आणि आपल्याकडील अनेक समुपदेशक त्याच मुशीतून घडलेले आहेत. ती परंपरा थोर आहे. फक्त या मुलांच्या बाबतीत विवेकाचा पाठ सुरू करण्यापूर्वी पोच देण्याचे काम अधिक सावकाशीने करावे लागते. तसेच सजगतेचा उल्लेख येताच कोणी मुलाला इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या मौनसाधनेस पाठवण्याचा विचार करतो. मन इतके अस्थिर असताना तसे करू नये.

औषधांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. या आजारावर, म्हणजे त्याच्या मुळावर, काम करणारे औषध आजमितीस नाही. सोबत असलेल्या खिन्नतेवर, निद्रानाशावर, चिंतेवर औषधे दिली जातात आणि त्यांचा लाभ होतो. म्हणून केवळ गोळ्यांवर वर्ष काढणे हा उपचार नव्हे, आणि चालू गोळ्या कोणाच्या तरी सांगण्यावरून एकदम बंद करणे हाही शहाणपणा नव्हे.

मग जावे कोठे? ज्या ठाण्याच्या नावाची धास्ती, तेथेच याचे उत्तर पुष्कळ अंशी आहे. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यातच इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, अर्थात आयपीएच, ही संस्था स्थापन केली, आणि मनाच्या दुखण्यासाठी भिंतीआड न जाता, शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे दार ठोठावून आत जाण्याची वाट मध्यमवर्गीय मराठी माणसाला दाखवून दिली. मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ तेथे एकत्र काम करतात. खुद्द प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग चालतो, म्हणजे दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परतता येते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, आणि थोडे पुढे शीवचे लोकमान्य टिळक व परळचे केईएम ही महापालिकांची रुग्णालये मध्य रेल्वेच्याच वाटेवर आहेत. संपूर्ण स्वरूपातील डीबीटी देणारे चमू आपल्याकडे तुरळक. म्हणून जो उपचारक मिळेल त्याला संकोच न करता काही प्रश्न विचारावेत: अशा मुलांवर तुम्ही काम केले आहे का, आठवड्याला भेटाल का, आम्हा पालकांना काय शिकवाल, आणि मध्यरात्री प्रसंग ओढवला तर आम्ही काय करायचे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. तिचा क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

मध्यरात्रीची तजवीज दिवसाउजेडी करून ठेवावी. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपासून उंदराच्या औषधापर्यंत सर्व काही कुलपात असावे. घराची किल्ली कोणाकडे, रात्री कोणता शेजारी येईल, जवळचे रुग्णालय कोणते, हे कागदावर लिहिलेले असावे. टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि मराठीतही उपलब्ध आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. आत्महत्येचा प्रयत्न झाल्यावरही, पोलिसांचा ससेमिरा लागेल, जबानी, पंचनामा होईल, या धास्तीने मुलाला घरीच ठेवून घेणारी कुटुंबे असतात. रुग्णालय पोलिसांना कळवील, हे खरे. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमान्वये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची शुश्रूषा करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. त्याच कायद्याने अल्पवयीन मुलाला दाखल करावे लागलेच, तर प्रौढांपासून वेगळे ठेवण्याची आणि पालकाने वा त्याने नेमलेल्या सोबत्याने सतत जवळ राहण्याची तरतूद केली आहे. मूल भिंतीआड एकटे पडेल, ही जुनी भीती बाळगण्याचे कारण आता कायद्याने ठेवलेले नाही. शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही विमा द्यावा, असेही हा कायदा सांगतो.

या धामधुमीत घरातले दुसरे भावंड कोपऱ्यात मुकाट्याने मोठे होत असते, त्याच्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवावी. आणि आईने स्वतःसाठी कोणाला तरी भेटावे. जिला स्वतःला कोणाकडूनच पोच मिळत नाही, तिच्याकडून ती दिवसातून दहा वेळा कशी दिली जाणार?

“हे असे किती दिवस?” या प्रश्नाला आता उत्तर देता येते. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी एके काळी दाखल करावे लागलेल्या २९० रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्यापैकी ९३ टक्क्यांची लक्षणे ओसरली आणि ती सुधारणा किमान दोन वर्षे टिकली. मात्र लक्षणे ओसरून शिवाय शिक्षण-नोकरी आणि जवळचे नाते या दोन्ही बाजू सावरल्या, अशांचे प्रमाण ५० टक्के होते. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते मला पुनःपुन्हा विचारात पाडते. वादळ शमते, पण तोवर शाळा सुटलेली असते, मैत्रिणी पुढच्या वर्गात गेलेल्या असतात, आणि वीस वर्षांची शांत झालेली मुलगी रिकाम्या हातांनी घरात बसलेली असते. म्हणून उपचार चालू असतानाच तिच्या परतीची वाट बुजू देऊ नये. वर्ष वाया गेले तर जाऊ द्यावे. दाखल्याच्या प्रती, गुणपत्रिका नीट ठेवाव्यात, मुख्याध्यापकांना जेवढे सांगणे आवश्यक तेवढे तिला विचारूनच सांगावे, आणि हजेरी अगदीच अशक्य झाली तर दहावी-बारावीला खाजगी रीतीने बसण्याचा तो १७ नंबरचा अर्ज मुदतीच्या आत, तिच्याच हातून भरून घ्यावा. त्या अर्जाचीही पोच मिळते. ती तिच्याजवळ ठेवायला द्यावी.